उजव्या पुठ्ठ्यावरची रेघ

"तुम्ही बकरीकडे देखतस तव्हय तिन्हा पुठ्ठा देखतस. पोट नही, कास नही, नुसता पुठ्ठा. त्या बिचारीसंगे तुम्ही कसाले जाई ऱ्हायनात?"

सकाळी सकाळी चुलीपुढं बसून दगूबाईनं हे मला ऐकवलं. दगूबाई म्हणजे माझी बायको. तिचं बोलणं असंच, भाकरी थापता थापता माणसालाही थापायचं. मी बंडीची बटणं लावत होतो. बाहेर ओट्यावर रमिलाबाई बसली होती, पहाटेच्या जीपनं डोंगरातून खाली उतरलेली. तिला सगळं ऐकू जात होतं. दगूबाईला त्याचं काही नव्हतं.

आता दगूबाई बोलत होती ते खोटं नव्हतं, हे मी तुमच्यापुढं कबूल करतो. तीस वर्षं मी तळोद्याच्या बाजारात बकऱ्यांची दलाली केली. सातपुड्यातल्या पाड्यांवरून माणसं बकऱ्या घेऊन यायची, मी हात फिरवायचो आणि सुरतेच्या गाडीत कुठली चढायची ते सांगायचो. गाडीत चढली ती कापायला गेली. तिच्यात बघायचं ते एवढंच, पाठीवर मास किती आणि पुठ्ठा, म्हणजे मागची मांडी, भरलाय का. ती दूध किती देते, एकावेळी पिल्लं किती देते, ह्याच्याशी गाडीवाल्याला काही घेणं नव्हतं. भाकड असली तर आणखी बरी. पसंत पडली की कमरेच्या डबीतला ओला गेरू बोटाला लावायचा आणि तिच्या उजव्या पुठ्ठ्यावर एक आडवी रेघ ओढायची. रेघवाली गाडीत, बिनरेघेची माघारी. सगळा बाजार ती रेघ ओळखायचा. चार वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला आणि मी धंदा सोडला, पण डबी अजून कमरेला असते. सवय जात नाही.

"ज्याले कापानी वळखता येस, त्याले पाळानी बी वळखता येस," मी दगूबाईला म्हटलं. "तठे वाईट ते आठे चांगलं. उलटं देखानं, बस."

"उलटं देखता देखता सुलटं व्हई जाई."

"तू भाकर बांधी दे."

तिनं भाकरी बांधून दिली, तीन माणसांना पुरेल इतकी. वर मिरचीचा ठेचा. बोलण्यात ती कशीही असो, बांधून देण्यात हात आखडता घेत नाही.

रमिलाबाईचं काय काम होतं ते सांगतो. तिचा नवरा जान्या माझा जुना माणूस. वीस वर्षं त्यानं आपला माल दुसऱ्या कुणाला दाखवला नाही. वरच्या पाड्यावर त्याच्या बत्तीस बकऱ्या होत्या. गेल्या वर्षी रोग आला, नाकातोंडातून पाणी, हगवण, आणि पंधरा दिवसांत दावणीला एक राहिली नाही. मग दोघं नवराबायको उसाला गुजरातेत गेली. उसाचा हिशेब असा की मुकादम एकट्या माणसाला धरत नाही. दोन माणसांचा मिळून एक कोयता. एक तोडणार, दुसरा मोळी बांधून डोक्यावर वाहणार. तिकडं फेब्रुवारीत जान्याची कंबर गेली. आता तो खाटेवरून भिंतीला धरून उठतो. थोरले दोन पोरगे बायका घेऊन वेगळे झालेले. घरात उरली शेंडेफळ ममता, आश्रमशाळेत नववीला. म्हणजे ह्या दिवाळीनंतर रमिलाबाईच्या कोयत्याचा दुसरा माणूस कोण, हे कुणी तोंडानं म्हणत नव्हतं, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

अशात रमिलाबाईचं नाव सरकारी योजनेत निघालं. तीन वर्षांपूर्वी भरलेला कागद. दहा बकऱ्या, एक बोकड. दहा चांगल्या दुधाच्या, पिल्लं देणाऱ्या बकऱ्या घरात आल्या तर कुणाला कुठं जायचं कारण नव्हतं. ममता शाळेत, रमिलाबाई डोंगरात बकऱ्यांमागं. म्हणून ती माझ्याकडं आली होती. आपल्या जान्याचा विश्वासाचा दलाल म्हणून. ओट्यावरून उठताना ती एवढंच म्हणाली, "भाऊ, बठ्ठ्या फळानाऱ्या पाह्यजेत. एक बी खाली नको." बठ्ठ्या म्हणजे सगळ्या, फळणारी म्हणजे गाभण राहणारी.

"एक बी खाली येवाव नही," मी छातीवर हात ठेवून सांगितलं. त्या हाताचं आता मी काय करू सांगा.

भादव्याचे दिवस. आठ दिवस पाऊस नव्हता आणि ऊन असं की बाजारातला काळा चिखल वरून वाळून आतून तसाच गिळगिळीत. पाय टाकला की पापुद्रा फुटायचा आणि घोट्यापर्यंत आत. धर्मेंद्र शेठचा गोठा बाजाराच्या कडेला, पत्र्याचा. ह्या धर्मेंद्रला मी त्याच्या बापाच्या मांडीवर बघितलंय. आता योजनेचा माल तोच पुरवतो आणि सुरतेची गाडीही तिथूनच भरते. एकाच पत्र्याखाली दोन्ही. पलीकडे योजनेचे साहेब खुर्ची टाकून बसले होते. नवनीत साहेब, पंचवीस-सव्वीसचं पोरगं, हातात बिल्ले मारायचा चिमटा. मोठा गोड माणूस. बाकीच्या बायांनी सकाळीच येऊन आपापल्या बकऱ्या घेतल्या होत्या, आमच्या जीपला उशीर झाला. तरी आत पन्नासेक उरल्या होत्या.

"काका, निवडून झालं की खूण करून ठेवा," साहेब म्हणाले. "मग मी कानात बिल्ले मारतो, बिल्ल्यासकट फोटो काढतो आणि वर पाठवतो. सहाच्या आत व्हायला पाहिजे. सहाला आजची यादी बंद होते."

सहाला खूप वेळ होता. मी धोतर खोचलं आणि आत शिरलो.

पहिल्याच बकरीशी धर्मेंद्र पुढं आला. तांबूस, तुकतुकीत, कास तट्ट फुगलेली, पायात दोन पिल्लं घोटाळत होती. "आप्पा, हाई देखा. जोडी देल शे तिनी. दोन्ही पाट. दूध ते देखा."

पाट म्हणजे मादी पिल्लं. मी बघत उभा राहिलो. एक पिल्लू तिच्या कासेला तोंड लावायला गेलं. बकरीनं मागं वळून त्याचा वास घेतला आणि लाथ मारली.

"धर्मेंद्र, माय आपला लेकरूले लाथ मारस का रे?"

"नवी जागा शे, बावचळी गयी व्हई."

"पिल्लं शेजारनी बकरीना शेत. आनि हिन्हं दूध कालदिनपासून काढेल नही, म्हनीसन कास फुगेल शे. तुन्हा बाप बी हाईच करे. आनि मीच त्याले शिकाडेल शे."

धर्मेंद्र हसला. मीही हसलो. रमिलाबाई तेवढी हसली नाही. ती बकरीपुढं उकिडवी बसली होती. येताना तिनं वाटेतून बाभळीची डहाळी तोडून आणली होती, ती पुढं धरून बसायची. बकरी पाला कशी ओढते, ओढून उभी राहते का बसते, मग रवंथ करते का, एवढं ती बघायची. घाई नाही, काही नाही. मी दात बघायचो. खालच्या जबड्यात पुढं दोन मोठे दात म्हणजे वर्ष-सव्वा वर्षाची, चार म्हणजे दोनाची. आठ जुळलेले म्हणजे पुढं जा. मग डोळ्याची खालची पापणी ओढायची. आत लाल हवी. पांढरी असली तर पोटात जंत. जबड्याखाली सूज नको, शेपटीखाली घाण नको, नाक कोरडंही नको आणि वाहतंही नको. मग खाली वाकून कास. दोन्ही सड सारखे, हाताला मऊ, आत गाठ नाही. गुडघे ओरडत होते, पण मला मजा येत होती, खरं सांगतो. तीस वर्षांत बकरीच्या कासेला मी कधी हात लावला नव्हता.

"हाई?" रमिलाबाईनं एकीकडं बोट केलं.

मी जबडा उघडला. "आठ जुयेल, आनि एक पडेल. हाई मन्हा सासराना वयनी शे. पुढे चाल."

"हाई?"

"हिन्हा एक सड आंधया शे. एक पिल्लू पी, दुसरं उपाशी मरी."

"हाई?"

"ही खोकस. कान दे, ऐक." ती खोकली. माणसासारखी खोकली बिचारी. "पुढे."

असं करत करत नऊ निघाल्या. एकेक अशी की बघत राहावं. चार दात, रुंद कंबर, लाल डोळे. तीन तर नक्की गाभण. दहावीवर आमचं अडलं. एका कोपऱ्यात काळी बकरी उभी होती, एक कान पांढरा, अंगानं बारीक. पुठ्ठ्यावर हाडं. मी हात लावला आणि सोडून दिली.

"हाई घेऊत," रमिलाबाई म्हणाली.

"हिन्हा अंगमा काय शे? हाड गिनी ले."

"हिन्हा पोटमा दोन शेत."

"तुले दोन कसा दिसनात? एक शे का नही तेच माहीत नही."

"कशी उभी शे देखा ना, भाऊ. मांगला पाय फाकाडीसन. एक वाला आशी उभी ऱ्हास नही."

मी पुन्हा वाकलो, पोटाखालून हात घातला. असेल, नसेल. तिच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हटलं, जाऊ द्या, दहात एक तिच्या मनाची. दात मात्र चारच होते, सड सारखे होते, हे सांगायला पाहिजे. फक्त पुठ्ठा नव्हता.

आता खूण करायची. रमिलाबाईनं पिशवीतून जुन्या लुगड्याचा तुकडा काढला, लाल काठाचा, आणि दातानं फाडून चिंधी केली. "आमना आठे पाळानी बकरीना गयामा चिंधी बांधतस," ती म्हणाली. तसं ते मलाही ठाऊक होतं. पाड्यावरून बकऱ्या यायच्या त्यात एखादी चिंधीवाली चुकून आली तर जान्या ती परत घेऊन जायचा, कुणी कितीही मागितली तरी.

आणि मी हसलो. तुम्ही मला शिव्या द्या, पण मी हसलो. "बाई, चिंधी बकरी खाई टाकी. एकना गयामाथीन दुसरी खाई. संध्याकायले कोन तुन्ही नि कोन शेठनी, कोनले समजी? गेरू बरा. गेरू कोनी खात नही."

माझं ऐकून तिनं कापड परत पिशवीत घातलं. मी डबी उघडली, थुंकी लावून गेरू कालवला आणि बोट फिरवलं. एक, दोन, तीन. हात किती खुशीत होता. चार वर्षांनी त्याला त्याचं काम मिळालं होतं. मी कुठल्या अंगाला रेघ मारतोय हे मी बघितलंच नाही. ते हातानंच बघितलं. नऊ झाल्या आणि दहाव्या काळीकडं वळलो तोवर साहेबांनी हाक मारली.

"काका, बाईंना घेऊन या. आधी त्यांची ओळख मोबाईलवर लागली पाहिजे, त्याशिवाय बिल्ल्याचे नंबर घेत नाही. इथं रेंज नाही. रस्त्यावर जाऊ."

मी निघालो. रमिलाबाई एवढीशी मागं राहिली आणि मग आली. ती काय करत होती ते मी विचारलं नाही.

रस्त्यावर कडुलिंबाखाली साहेबांनी ते अंगठ्याचं यंत्र काढलं. रमिलाबाईनं अंगठा ठेवला. लागेना. दुसरा ठेवला. लागेना. अंगठे साडीला पुसले, पाण्यानं धुतले, मग साहेबांनी थोडं तेलही लावून बघितलं. जन्मभर विळा-कोयता धरून धरून तिच्या बोटांवरच्या रेषा गेल्या होत्या, यंत्राला तिथं काही सापडत नव्हतं. मग चेहऱ्याचा फोटो. "डोळे मिचकवा," साहेब म्हणायचे. मी तिला सांगायचो, ती डोळे मिचकवायची, आणि तेवढ्यात रेंज जायची. उसाचे ट्रॅक्टर, केळीचे ट्रक, शहाद्याची एस्टी, सगळं आमच्या अंगावर धूळ टाकून गेलं. सुरतेची गाडीही गेली. मागून ताडपत्री बांधलेली. मी ओळखली आणि ड्रायव्हरला हात केला. जुनी ओळख. त्यानंही हॉर्न वाजवला.

दीड तासानं यंत्र पावलं. रमिलाबाईचं तोंड मोबाईलमध्ये हिरवं झालं. साहेब हसले, मी हसलो, ती पहिल्यांदा हसली. आम्ही तिथंच भाकरी सोडली आणि तिघांनी खाल्ली. साहेबांनी दोनदा ठेचा मागून घेतला.

गोठ्याच्या तोंडाशी उदेसिंग बसला होता. गाडी भरायचं काम पंधरा वर्षं त्याचंच. मला बघून उठला, पाया पडायला वाकला.

"भाऊ, मन हरकी गयं आज," तो म्हणाला. "मी जेवन करीसन उनू, देखस ते काय, तुमनी रेघ. चार साल व्हई ग्यात तुमना हातनी सरय रेघ देखीसन. मी म्हनं, नथ्थूभाऊ परत धंदामा उनात. शेठना माल कमीच पडी ऱ्हायना व्हता. नऊ बी चढाई दिध्यात. मांगे नही टाक्यात, पुढे टाक्यात, हवामा. तुमना माल शे म्हनीसन."

मी पत्र्याच्या खांबाला धरलं. उदेसिंग हसतच होता. त्याला माझं तोंड कळेना.

"कोनी सांगं तुले चढावाले?"

"कोनी काय सांगानं शे? रेघ शे ना, भाऊ." मग त्याचंही हसू हळूहळू उतरलं. "उजवा पुठ्ठावर व्हती."

त्याला काय बोलणार. त्यानं पंधरा वर्षं जे केलं तेच केलं, आणि ते मीच त्याला शिकवलेलं.

रमिलाबाई आत जाऊन आली होती. "भाऊ, आपन्या बकऱ्या कोठे शेत?"

मी तिच्याकडं बघू शकलो नाही. उदेसिंगनंच तिला सांगितलं. ती म्हणाली, "बठ्ठ्या?"

"एक नही," उदेसिंग म्हणाला. "एक काळी व्हती, तिन्हा गयामा चिंधी व्हती. चिंधीवाली पाड्यावालासनी ऱ्हास, ती विकानी नसस. ती मी सोडी दिधी."

काळी कोपऱ्यात तशीच उभी होती, मागचे पाय फाकवून. गळ्यात लाल काठाची चिंधी.

गाडी भरली तेव्हा घरी जेवायला गेलेला धर्मेंद्र तेवढ्यात आला, त्यानं फोन लावला. त्याला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पहिल्यांदा लागला नाही, दुसऱ्यांदा लागला. ड्रायव्हर म्हणाला, शेठ, गुजरातेत कधीच शिरलो, माल ऐंशी आहे, सगळा मिसळलाय, खाली कुठं उतरवू आणि नऊ कुठल्या ओळखू. धर्मेंद्रनं फोन माझ्या कानाला लावला. "ज्यासना पुठ्ठावर रेघ शे त्या," मी म्हटलं. ड्रायव्हर म्हणाला, "आप्पा, रेघ तो सबके उपर है. शेठ का आदमी भी रेघ मारता है." मी धंदा सोडल्यावर धर्मेंद्रनं माझीच रेघ पुढं चालवली होती. फोन ठेवला.

मग मी साहेबांकडं गेलो. आयुष्यात सरकारी माणसापुढं मी कधी हात जोडले नव्हते. त्या दिवशी जोडले. "साहेब, चार दिवसांची मुदत द्या. मी स्वतः डोंगरात फिरतो, मी आणून देतो दहा."

साहेबांनी तिथंच फोन लावले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा बाजूला जाऊन. परत आले तेव्हा त्यांचा आवाज खाली गेला होता. "काका, यादी सहाला बंद होते ती आपोआप होते. माझ्या हातात नाही, वरच्यांच्याही नाही म्हणतात. आज बिल्ले चढले नाहीत तर बाईंचं नाव जातं आणि पुढच्या नंबरच्या बाईला मिळतं. मी काय करू सांगा. मला सांगा, मी करतो." ते खरंच विचारत होते.

साडेचार झाले होते. मी रमिलाबाईला म्हटलं, "बाई, जाऊ दे नाव. फिरीसन अर्ज करूत. मी करसू तुन्हा अर्ज, मी फिरसू."

"तीन साल वाट देखी, भाऊ," ती म्हणाली. "फिरीसन तीन साल. तोलोंग ममता कोठे ऱ्हाई?" तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. "त्यासमाथीन नऊ काढा."

त्यासमाथीन म्हणजे ज्यांना सकाळी मी ह्याच तोंडानं नावं ठेवली होती, त्यांच्यातून. मी पुन्हा आत शिरलो. सकाळी चांगल्या शोधत होतो, आता वाइटातल्या कमी वाईट. आंधळ्या सडाची घेतली, निदान एक पिल्लू तरी वाढवेल. सासऱ्याच्या वयाची घेतली, एखादं वेत देईल. लाथ मारणारी तांबूस घेतली, दूध बेताचं असलं तरी तब्येत होती. खोकणारी मी चार वेळा ओलांडून पुढं गेलो आणि शेवटी नऊ भरेनात म्हणून परत येऊन तिलाच धरलं. प्रत्येक वेळी रमिलाबाई विचारायची, "हाई?" आणि मी म्हणायचो, "हाई चाली." सकाळी त्याच विचारण्याला मी केवढी उत्तरं देत होतो.

बोकड मात्र चांगला मिळाला. त्याचं आता हसावं की रडावं.

"खूण करा काका," साहेब म्हणाले, "मी बिल्ले मारतो."

माझा हात डबीकडं गेला आणि थांबला. रमिलाबाईनं पिशवीतून कापड काढलं, नऊ चिंध्या केल्या आणि एकेकीच्या गळ्यात बांधल्या. साहेब चिमटा दाबत गेले. कान टोचला की बकरी एकदा ओरडायची आणि गप्प व्हायची. शेवटचा फोटो सहाला दहा कमी असताना वर गेला. तेवढ्यात म्हाताऱ्या बकरीनं शेजारणीच्या गळ्यातली चिंधी ओढून चावून गिळली. मी म्हटलं होतं तसंच झालं. रमिलाबाईनं बघितलं आणि माझ्याकडं बघितलं नाही.

घरी आलो. दगूबाईला उदेसिंगच्या बायकोकडून आधीच कळलं होतं. ती बोलेल म्हणून मी ओट्यावर वाट बघत बसलो. ती बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं ताट वाढलं आणि समोर बसून राहिली. त्या दिवसापासून मला दोन महिने तिनं एका शब्दानं डिवचलं नाही.

वरच्या बातम्या जीपवाल्यांकडून यायच्या. खोकणारी पंधरा दिवसांत गेली आणि जाताना आणखी दोघींना घेऊन गेली. म्हातारी दरीत घसरली. लाथ मारणारी आटली आणि बोकडाला जवळ येऊ देईना. बाकीच्यांनी धरलं की नाही ते कळायला वेळ होता आणि मुकादमाच्या गाडीला वेळ नव्हता. दोनदा मी जीपमध्ये बसून वर जायला निघालो. दोनदा तळोद्याहून परत आलो. तिथं जाऊन काय करणार होतो मी? दात बघणार होतो?

दिवाळी झाल्यावर आठव्या दिवशी सकाळी कुत्रं भुंकलं म्हणून बाहेर आलो. रमिलाबाई उभी होती. हातात दावं, दाव्याला काळी. आणि मागं दोन पिल्लं, एक काळं, एक कबरं. दोन्ही पाट. तिच्याबरोबर ममता, शाळेच्या निळ्या सलवारवर बापाचा सदरा घातलेली. तिच्या काखेत गोणपाटात गुंडाळलेला कोयता.

"दोन शेत, भाऊ," रमिलाबाई म्हणाली. "मी म्हनं व्हतं ना."

मी मान हलवली.

"घर बंद करी दिधं. म्हातारा बी संगे येस, झोपडीमा चूल देखी. बाकीन्या दीरना घर ठेव्यात. हिले मी आठे लई उनू. अर्धलीवर ठेवा." अर्धलीवर म्हणजे सांभाळायला. सांभाळणाऱ्याला अर्धी पिल्लं, मालकाला अर्धी. आमच्याकडं असं ज्याच्यावर भरवसा असतो त्यालाच देतात.

"बाई, मन्हाकडे कसाले?" मी म्हटलं. "दुसरा कोनकडे ठेव. मन्हा हात देखा तू."

"तुमलेच बकरी समजस, भाऊ. दुसराले काय समजस?" ती टोमणा मारत नव्हती, तेच वाईट. तिनं काळीच्या गळ्यातली चिंधी चाचपली, गाठ घट्ट केली आणि दावं माझ्या हातात दिलं. "फक्त रेघ मारू नका."

दगूबाई आतून आली होती. ममतानं खांद्यावरचं दप्तर काढलं आणि तिच्यापुढं धरलं. शाळेतलं स्वच्छ मराठी बोलली ती. "काकू, हे इथं ठेवू का? तिकडं उसात भिजतं. मी होळीला येईन तेव्हा घेऊन जाईन."

दगूबाईनं दप्तर घेतलं. इकडंतिकडं बघितलं आणि उंच खुंटीला टांगलं, बकरीचं तोंड पोचणार नाही अशा. मग पदरानं नाक पुसत चुलीकडं गेली आणि भाकरी बांधायला लागली, तीन माणसांना पुरतील इतक्या.

रस्त्यावर मुकादमाची गाडी उभी होती. मी वाटेला लावायला गेलो नाही, गुडघ्यांचं कारण सांगितलं. गाडी गेल्याचा आवाज आला तेव्हा मी काळीपाशीच बसलो होतो. दोन्ही पिल्लं कासेला लागली होती, दोन्ही सडांना सारखं दूध होतं. पिल्लांना पाजून पाजून बकरी उतरली तर नाही ना, म्हणून मी पाठीवरून हात फिरवला, कण्यावरून खाली, कमरेवर, पुठ्ठ्यावर. पुठ्ठा चांगला भरला होता.

हाताला गेरू नव्हता, तरी बोट उजवीकडं आडवं फिरलं. चुलीपाशी बसलेल्या दगूबाईनं ते बघितलं.